आमच्याकडे होती, विकून टाकली

जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या माणसाला लग्नात, एसटीच्या प्रवासात, दवाखान्याच्या बाकावर एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: ‘आमच्याकडे होती हो, विकून टाकली.’ कुणाच्या वडिलांची डुक्कर फियाट, कुणाच्या काकांची जावा, कुणाची अंगणात चार-पाच पावसाळे झेललेली लॅम्ब्रेटा. मग आकडा येतो. बाराशेला दिली. भंगारवाल्यानं वजनावर नेली. ड्रायव्हरलाच देऊन टाकली. आणि शेवटी आवाज थोडा खाली येतो: ‘आज किती आले असते?’

पंचवीस वर्षांत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की त्याचं नीट उत्तर एकदा मांडावं असं वाटलं. गाड्यांचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे भाव का चढले, कुठे चढले नाहीत, आणि हातची गेली असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय गेलेलं असतं, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी स्वस्तात गेली याची हळहळ बहुतेकदा चुकीच्या जागी असते. त्या दिवशीचा भाव बरोबरच होता. खरं नुकसान झालं ते गाडीच्या मागून गेलेल्या गोष्टींचं, आणि त्याची हळहळ फारसं कुणी करत नाही.

आपल्याकडे जुन्या गाडीचा भाव एका दिशेनं चढत आलेला नाही. परवान्यांच्या काळात गाडी जुनी झाली तरी तिची किंमत पडत नसे, कारण नवी मिळतच नसे. आकुर्डीच्या चेतकसाठी नंबर लावून लोकांनी वर्षानुवर्षं, काहींनी तर दहा-दहा वर्षं वाट पाहिली. ज्याला धीर नसे तो ‘ऑन’ देऊन दुसऱ्याचा नंबर घेई. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हातात पडली आणि तिथून वारं फिरू लागलं. ९१ नंतर बाजार उघडला, गाडीसाठी कर्ज मिळू लागलं, आणि दहा-बारा वर्षांत दारातली फियाट मानाची न राहता अडगळीची झाली. सोसायटीच्या सभेत तिच्या जागेवरून वाद होऊ लागले. ‘विकून टाकली’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी आहे त्यांच्यापैकी बहुतेकांनी १९९२ ते २००५ या काळात गाडी काढली आहे. भावाचा तळ नेमका तोच होता.

समजा, १९९८ मध्ये कुणी आपली पद्मिनी पंधरा हजारांना दिली. ते पैसे आठ टक्क्यांनी बँकेत ठेवले असते तर दर नऊ वर्षांनी दुप्पट होत २०२५ मध्ये एक लाख वीस हजार झाले असते. आज चालती, कागदपत्रं चोख असलेली, पत्रा धड असलेली पद्मिनी दोन-अडीच लाखांच्या घरात जाते. पण ती तशी राहावी म्हणून सत्तावीस वर्षांचा विमा, दर पाच वर्षांचं पासिंग, चार वेळा टायर, दर तीन वर्षांनी बॅटरी, दोनदा डेंटिंग-पेंटिंग आणि एक बंदिस्त जागा लागली असती. मुंबई-पुण्यात त्या जागेचं भाडं नुसतं मनात धरलं तरी हिशोब उलटतो. ज्यांनी गाडी सांभाळली त्यांना आज मिळतो तो नफा नाही. सांभाळण्याचा खर्च उशिरानं, आणि तोही अर्धामुर्धा, परत मिळतो. म्हणून विकणाऱ्यांनी स्वतःला दोष देऊ नये, असं मी त्यांना मनापासून सांगतो.

मग भाव चढतो कशानं? दुर्मिळता, हौस, आठवणी ही कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. माझ्या पाहण्यात सर्वांत मोठं कारण वेगळंच आहे: गाडी पोटासाठी चालवणारा शेवटचा माणूस ती वापरायची थांबवतो, तेव्हा भाव चढतो.

फियाटचंच पाहा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स उभी केली, कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज-प्लिमथ आणि मग पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली. गोलमटोल पाठीची, पुढचे दरवाजे उलट्या बाजूला उघडणारी ती पहिली गाडी म्हणजे आपली डुक्कर. त्यानंतर सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट, थोडा काळ प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. अंगावरचे कपडे बदलत गेले, आत तेच १०८९ सीसीचं इंजिन राहिलं. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ही गाडी तीन पिढ्या पळवली. त्यामुळे पिस्टन, बेअरिंग, क्लच प्लेट, सॉलेक्स कार्ब्युरेटरचं किट हा माल प्रत्येक नाक्यावरच्या दुकानात असे. हौशी माणूस त्या टॅक्सीवाल्याच्या जिवावर स्वस्तात गाडी सांभाळत होता, आणि हे त्याच्या कधी ध्यानातही आलं नाही. पद्मिनीचं उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबलं. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला शेवटची काळी-पिवळी पद्मिनी नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी त्या दिवशी निरोपाचे लेख छापले. बाजारात त्याचा परिणाम आधीपासूनच दिसत होता: टॅक्सी कमी होत गेल्या तसा दुकानदारांनी माल भरणं बंद केलं, आणि जे कार्ब्युरेटर किट कुणी मोजत नव्हतं त्यासाठी आता दहा फोन करावे लागतात.

डुक्करवाल्यांची गत आणखी अवघड. इंजिनाचा माल पद्मिनीचा चालून जातो, पण अंगावरचा माल फक्त त्याच गाडीचा. मागच्या दिव्याची लाल काच, बॉनेटवरची बीडिंग, स्टिअरिंगवरची हॉर्नची रिंग, व्हीलकॅप. असा एक नग नसेल तर बाकी गाडी कितीही देखणी असो, बोळक्या तोंडासारखी दिसते. म्हणूनच आख्ख्या इंजिनापेक्षा दिव्याच्या दोन काचा मिळवणं अवघड, हे बाहेरच्याला विचित्र वाटणारं गणित आमच्यात रोजचं आहे.

दुचाकींमध्ये हेच चित्र अधिक ठळक दिसतं. राजदूत ३५० ही एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या आरडी ३५० वरून १९८३ पासून फरिदाबादला बनवलेली गाडी. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी, साडेतीस अश्वशक्ती. त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर तिच्या जवळपास जाणारं काही नव्हतं. पण पुढे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक, पेट्रोलची भूक भारी आणि माल महाग. भूक आवरावी म्हणून सत्तावीस अश्वशक्तीची लो टॉर्क आवृत्ती काढली, तरी गिऱ्हाईक वळलं नाही आणि दशक संपता संपता गाडी बंद झाली. त्यानंतरची दहा वर्षं ही गाडी गॅरेजच्या मागे उभी दिसे, साखळीनं बांधून ठेवायचीही गरज नसलेली. आज नीट चालणारी राजदूत तीन-चार लाखांना मागतात, आणि अस्सल नमुन्याला त्याहून कितीतरी जास्त.

या गाडीनं मला एक गोष्ट शिकवली. सुट्या भागांचे भाव एका मर्यादेपलीकडे गेले की आख्खी गाडी जिवंत राहणं धोक्यात येतं. अस्सल क्रँक, सिलिंडरची जोडी, रीड ब्लॉक, मीटर, साइड पॅनेल यांची वेगवेगळी किंमत केली तर बेरीज कागद नसलेल्या आख्ख्या गाडीपेक्षा जास्त भरते. मग आरसी बुक हरवलेली, पण बाकी पूर्ण गाडी कुणाच्या हाती लागली की तो ती फोडतो. एक गाडी पूर्ण करायला दोन गाड्या जातात. भाव वाढले म्हणून गाड्या वाचतील ही समजूत म्हणून अर्धीच खरी आहे. काही गाड्या भावानंच मारल्या.

जावाचं नशीब त्यामानानं बरं. यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची पहिली अक्षरं जुळवून झालेलं हे चेक नाव आपल्याकडे इतकं मुरलं, की ते परकं वाटतच नाही. मैसूरच्या कारखान्यात साठीच्या सुरुवातीपासून जावा आणि पुढे येझदी तयार झाली ती १९९६ पर्यंत. किक आणि गिअरची दांडी एकच, दोन्ही बाजूंना सायलेन्सर, टाकीला गुडघ्याचे रबर. साधी यंत्ररचना आणि खूप गाड्या, यामुळे माल टिकून राहिला, आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी भरणाऱ्या जावा दिनाच्या निमित्तानं पुण्या-नाशकात, बंगळुरात माणसं एकमेकांना माल पुरवू लागली. २०१८ मध्ये जावा नव्या रूपात बाजारात आली तेव्हा जुन्या गाडीचा भाव उतरेल असं मलाही वाटलं होतं. झालं उलट. नवी पाहून तरुणांना जुनी आठवली, किंवा आजोबांची म्हणून पहिल्यांदाच कळली.

लॅम्ब्रेटाची गोष्ट सातासमुद्रापार जाते. इटलीच्या इनोचेन्ती कंपनीनं स्कूटर बंद केल्यावर तिथली यंत्रसामग्री आपल्या सरकारनं १९७२ मध्ये विकत घेतली आणि लखनौला स्कूटर्स इंडिया उभी राहिली. इटलीत संपलेली गाडी आपल्याकडे आणखी पंचवीस वर्षं बनत राहिली. ब्रिटनमधल्या लॅम्ब्रेटावेड्यांना मालाची ददात नव्हती ती यामुळे. मिलानची गाडी लखनौच्या मालावर जगत होती. पुढे आख्ख्या गाड्याच कंटेनर भरभरून जाऊ लागल्या. त्यांतल्या पुष्कळशा गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी थापून, वरून झकास दुरंगी रंग मारून पाठवलेल्या होत्या. आमच्या कारागिरांच्या हाताला तिकडे वाईट नाव मिळालं ते या मालामुळे. मला याचा आजही राग येतो, कारण त्याच गल्लीतला मिस्त्री वेळ आणि पैसे दिले तर पत्रा असा ठोकून देतो की हात फिरवून जोड सापडू नये.

मोटारींच्या निर्यातीवर मात्र १९५० पूर्वीच्या गाड्यांपुरतं बंधन आहे, आणि ते येण्याआधी संस्थानिकांच्या वाड्यांतून बरंच काही बाहेर गेलं होतं. १९७१ मध्ये तनखे बंद झाले तेव्हा पेट्रोल पिणाऱ्या सोळा-सोळा गाड्यांचा तबेला पोसणं कुणालाच परवडणारं नव्हतं. काही गाड्या टिकल्या त्या प्राणलाल भोगीलाल यांच्यासारख्या माणसांमुळे. त्यांनी जमवलेला संग्रह अहमदाबादजवळ काठवाड्याला आहे. आणि काही टिकल्या त्या विकल्याच नाहीत म्हणून. कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांची मेबॅक दसऱ्याला चौकात येते तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा उभी असलेली माणसं तिची किंमत विचारत नाहीत. मला तो क्षण फार मोलाचा वाटतो. गाडी गावाची झाली की ती बाजारातून बाहेर पडते.

जगाकडे पाहिलं तर आपली हळहळ फार लहान आहे. फेरारी २५० जीटीओ ही १९६२ ते ६४ मध्ये बनलेली गाडी, एकूण ३६ नग. शर्यतीतून निवृत्त झाल्यावर त्यांतली एक टेक्सासमधल्या एका शाळेला मुलांना यंत्र शिकवण्यासाठी दान मिळाली. शाळेनं ती १९७२ मध्ये साडेसहा हजार डॉलरला विकली आणि पुढची पंधराएक वर्षं ती ओहायोतल्या मोकळ्या जागेत ट्रेलरवर उघड्यावर उभी होती. याच जातीची एक गाडी नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ कोटी १७ लाख डॉलरना गेली. शाळेची चूक झाली असं मी म्हणणार नाही. मुलांना त्या वर्षी पैसे हवे होते आणि ती गाडी त्या वर्षी नुसती जुनी शर्यतीची गाडी होती.

चढलेला भाव कोसळतोही, हे नव्या हौशींनी ध्यानात ठेवलेलं बरं. १९८८ च्या ऑगस्टमध्ये एन्झो फेरारी वारले, त्याच सुमारास जपानमध्ये पैशाचा पूर आला होता, आणि या गाड्यांचे भाव कोटी डॉलरच्या वर गेले. ९० नंतर तो पूर ओसरला आणि कोटीची जीटीओ तीस-पस्तीस लाख डॉलरवर आली. पडझड झाली ती गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांची. शिवाय पिढी बदलली की आवडही बदलते. अठराव्या वर्षी ज्या गाडीमागे मान वळायची तीच माणूस पन्नाशीत घेतो. त्यामुळे महायुद्धापूर्वीच्या साध्या मोटारींना तिकडे आता पूर्वीइतकं गिऱ्हाईक नाही, आणि आपल्याकडे आरएक्स १०० लाखाच्या पुढे गेली आहे, कारण तिच्या मागे धावणारी कॉलेजची पोरं आज कमावती आहेत.

फ्रान्समधल्या बायों कुटुंबाच्या गोठ्यांत आणि शेडांत कितीतरी मोटारी कुजत पडलेल्या होत्या. २०१५ मध्ये पॅरिसला त्यांतल्या ५९ गाड्यांचा लिलाव झाला. अभिनेता आलँ देलाँ याच्याकडे एके काळी असलेली फेरारी जुन्या मासिकांच्या गठ्ठ्याखाली सापडली होती. ती धुळीसकट एक कोटी त्रेसष्ट लाख युरोला गेली. लोकांनी धूळ पुसू दिली नाही. नव्या रंगापेक्षा जुना, पोपडे आलेला रंग मौल्यवान ठरण्याची ही रीत आता आपल्याकडेही येते आहे, आणि मला ती पटते. रंग पुन्हा कधीही मारता येतो. कारखान्यातला पहिला रंग एकदाच लागतो.

आता सुट्या भागांकडे येतो, कारण माझा जीव तिथे आहे.

पुण्यात नाना पेठेत मालाचं एक दुकान होतं. लाकडी माळा, त्यावर खाकी पुठ्ठ्याच्या पेट्या, पेटीवर शाईनं लिहिलेले नंबर. काउंटरमागचे काका तुकडा हातात घेऊन न पाहता नुसता अंगठा फिरवून सांगत: ‘हा बासष्टच्या आधीचा. तुमच्या गाडीला एक सूत घासावा लागेल.’ दुकान बंद करायचं ठरलं तेव्हा त्यांनी आम्हा चौघा-पाच जणांना निरोप धाडला. तो २००६ चा पावसाळा होता. मी गेलो, गॅस्केट आणि पॉइंटची पेटी घेतली, आणि डुक्करच्या मागच्या दिव्यांच्या काचांचा डबा तसाच ठेवला. एका काचेचे तीनशे मला जास्त वाटले. पुढच्या आठवड्यात उरलेला माल वजनावर गेला.

त्या काचा आज मिळत नाहीत, मिळाल्या तर कित्येक पट भावानं. पण मला रुखरुख लागते ती काचांची नाही. काकांच्या डोक्यात कोणत्या सालच्या गाडीला कोणता माल बसतो याचा जो आख्खा कोश होता, तो उतरवून घ्यायला त्या दिवशी माझ्याकडे वही-पेन होतं आणि वेळही होता. मी भाव करत बसलो.

इंग्लंडमध्ये नेमकी ही गोष्ट वेळेवर सुचली. एमजीबी ही स्पोर्ट्स कार बंद पडल्यावर तिचे जुने साचे शोधून काढून ब्रिटिश मोटर हेरिटेजनं १९८८ पासून त्या गाडीचा आख्खा पत्र्याचा सांगाडा नव्यानं बनवायला सुरुवात केली. मर्सिडीजनं १९९३ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळं केंद्र काढलं. तिथे भाव भरमसाट आहेत, पण माल मिळतो, म्हणून गाडी फोडावी लागत नाही. आपल्याकडे एवढे कारखाने, एवढ्या गाड्या झाल्या आणि साच्यांची काळजी कुणी वाहिली नाही. कुर्ल्यात प्रीमिअर रोड हे नाव तेवढं उरलं आहे.

तरी हात टिकून आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना दाखवला तर ओतकाम करून, लेथवर चढवून तुम्हाला हवा तो भाग मिळतो. रबराचे नग, बीडिंग, बुश आता छोट्या संख्येनं पुन्हा बनू लागले आहेत. काही नवा माल अस्सलाहून चांगला असतो, काही फेकून देण्याच्या लायकीचा. खोटा माल जुन्या पेटीत घालून ‘कोरा जुना माल’ म्हणून विकणारेही आहेत, आणि भाव चढले तसे तेही वाढले. ओळखायची खूण सांगतो: पेटीचा वास घ्यावा. चाळीस वर्षं माळ्यावर राहिलेल्या ग्रीसला जो आंबूस वास येतो, तो अजून कुणाला बनवता आलेला नाही.

कायद्याचं एक कोडं या सगळ्याच्या मुळाशी आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूप फारसं न बदललेल्या गाडीला विंटेज म्हणून मान्यता दिली: नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नोंदणी दहा वर्षांची, आणि रोजच्या वापराला परवानगी नाही. हे चांगलं झालं. पण खासगी गाडीची मूळ नोंदणी संपते पंधराव्या वर्षी. तिथून पन्नासाव्या वर्षापर्यंतची पस्तीस वर्षं तिला कुणी वाली नाही. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या फेरनोंदणीला ६०० ऐवजी ५,००० रुपये पडू लागले, हरित कर वेगळा. दिल्लीत तर वयावरूनच बंधनं आली आणि तिथल्या गाड्या मिळेल त्या भावात बाहेर पडल्या. १९८३ ची राजदूत २०३३ मध्ये विंटेज होईल. तोवर तिनं फक्त जुनी गाडी म्हणून तग धरायचा. गाड्या मरतात त्या याच पट्ट्यात. पंचवीस-तीस वर्षांच्या, अस्सल राखलेल्या गाड्यांसाठी मधली एखादी पायरी केली तर फार थोड्या खर्चात फार काही वाचेल, असं मला कळकळीनं वाटतं.

कारण आज विकून टाकायची पाळी दुसऱ्याच गाड्यांची आहे. मारुतीची अगदी पहिली, चौकोनी ८००. बटण दाबून सुरू होणारी कायनेटिक होंडा. काँटेसा. पिंपरीत बनलेली १९९१ ची टाटा सिएरा. तिच्या मागच्या बाजूची ती मोठी वळणदार काच फुटली तर गाडी उभीच राहते. आणि लुना. अहमदनगरच्या कायनेटिकची १९७२ पासूनची लुना महाराष्ट्राच्या प्रत्येक आळीत होती, शिक्षिका, पोस्टमन, दूधवाले तिच्यावर जगले. ती इतकी सामान्य होती की जपून ठेवावी असं कुणालाच वाटलं नाही. पॅडल, चेनकव्हर, मूळ स्टिकर शाबूत असलेली पहिल्या वर्षांतली लुना मी गेल्या पाच वर्षांत दोनदाच पाहिली आहे.

हल्ली ‘आज किती आले असते’ असं कुणी विचारलं की मी उलटा प्रश्न करतो: डिकीतला डबा कुठे आहे? गाडी विकताना जॅक, हत्यारं, जादाचे बल्ब, पुस्तिका असा डबा बहुतेक घरांत मागे राहतो आणि माळ्यावर जातो. साताऱ्याकडच्या एका घरात मागच्या दिवाळीत असाच डबा निघाला. आजींनी तो स्टुलावर चढून स्वतः काढला, कुणाला हात लावू दिला नाही. आत १९६९ च्या ‘केसरी’त गुंडाळलेल्या दोन लाल काचा होत्या. त्यांच्या यजमानांनी गाडी घेतली तेव्हाच जादाच्या आणून ठेवल्या होत्या. पैशांचा विषय काढल्यावर आजींनी विचारलं, बसवून झाल्यावर गाडी इकडे आणाल का, मला मागून बघायची आहे.